पेशींचा उजेड आणि अक्काचा प्लॉट

कपाशीच्या क्रॉसिंगच्या दिवसांत आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. दादा, म्हणजे माझे वडील, ओट्यावरून ओरडायचे. बाई, म्हणजे आमची आई, चुलीजवळून त्याच पट्टीत उत्तर द्यायची. कामाला येणाऱ्या बायका फाटकातूनच "सिंधे, चल गं जल्दी, ऊन चढून राह्यलं" म्हणत माझ्या मोठ्या बहिणीच्या नावाने गलका करायच्या. अक्का तोंडात रिबीन धरून वेणी घालत घालत पायानेच चपला शोधायची. घरभर येसराच्या आमटीचा वास असायचा, कारण त्या दिवसांत भाजलेल्या पिठाची ती आमटी सोडून दुसरं काही शिजवायला बाईला सवडच नसे. सकाळी येसर, संध्याकाळी येसर. मी एकदा तोंड वाकडं केलं तर बाई म्हणाली, "बोंडं धरू दे, मंग मागशील ते करते." आमच्याकडे सगळंच बोंडं धरल्यावर व्हायचं होतं. घरावरचे नवे पत्रे, माझी सायकल आणि अक्काचं डी.एड.

आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या बाजाराला पायी जाता येईल इतक्या अंतरावर. जालन्याच्या बियाणं कंपन्या आमच्या भागात संकरित कपाशीचे प्लॉट देत. एका बाजूला मादीच्या ओळी, दुसऱ्या बाजूला नराच्या. दुपारनंतर मादीची उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर अलगद सोलून काढायचे, मधली नाजूक दांडी तेवढी उघडी ठेवायची आणि खुणेला लाल कागद अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराची फुलं तोडून टोपलीत आणायची आणि त्यांचे पिवळे पराग त्या दांडीवर चोळून देठाला पांढरा दोरा बांधायचा. एवढंच काम. पण नख जरा खोल गेलं की कळी मेली आणि जरा वर राहिलं की संकर बिघडला. अक्काच्या हातून कळी मरत नसे. ती नुकतीच बारावी झाली होती, वयाने सगळ्या बायकांत लहान, तरी प्लॉटवर तिचाच शब्द चाले. दादा लोकांना सांगायचे, "प्लॉट माझा न्हाई, सिंधूचा हाय." ह्या हंगामात प्लॉट साधला की तिला जालन्याला डी.एड.ला धाडायचं, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. बोलले की करायचे, अशी त्यांची ख्याती. आम्हा दोघी बहिणींना परीक्षेच्या केंद्रावर सायकलवर डबलसीट नेणारा गावातला तो एकटा बाप होता. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहायचं आहे ते वाचून कुणी म्हणेल, बाप जुनाट होता, अडाणी होता, सोड. तो तसा नव्हता. म्हणूनच मला अजून राग येतो.

त्या वर्षी गणपतीत गावाने व्याख्यान ठेवलं. दर वर्षी भजन आणि एखादं नाटक असे, ह्या वेळी मंडळाच्या पोरांना विज्ञानाचं वेड लागलं होतं. तालुक्याच्या ठिकाणी शिकवणारे एक सर आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाज मधासारखा. नाव लिहीत नाही. ते वारले आणि त्यांची मुलं ह्याच जिल्ह्यात आहेत. सर म्हणाले, प्रत्येक जिवंत पेशीतून उजेड निघतो. काजव्यासारखा नाही, आपल्या डोळ्यांना कधीच दिसणार नाही इतका मंद. माणसाच्या अंगातून, झाडाच्या पानातून, मोड आलेल्या बीतून. परदेशात कुणी एका कांद्याच्या मुळाचं टोक दुसऱ्या कांद्याच्या मुळाकडे रोखून ठेवलं, मध्ये स्पर्श नाही, काही नाही, आणि त्या दुसऱ्या मुळाच्या पेशी भराभर वाढू लागल्या. म्हणजे एका जिवाने दुसऱ्या जिवाला उजेडातून निरोप धाडला. मी नववीत होते. मांडवात सतरंजीवर बसून ऐकत होते आणि माझे कान गरम झाले होते. इतकं सुंदर काही मी आजवर ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याबरोबर मोड आलेल्या मटकीची वाटी घेऊन सरकीच्या खोलीत शिरले, दार लावलं, फटीला पोतं कोंबलं आणि डोळे फाडून बघत बसले. काही दिसलं नाही. दिसणार नव्हतंच. पण त्या काळोखात ते मटकीचे मोड एकमेकांशी बोलत असतील ह्या कल्पनेनेच मला गुदगुल्या होत होत्या. बाईने दार वाजवून "आत काय करून राह्यली गं, मटकीची उसळ करायचीय" म्हटलं तेव्हा मला वाटी देववत नव्हती.

व्याख्यानाचा दुसरा भाग मात्र असा गोड नव्हता. तो ऐकताना मला त्यातलं विष कळलं नाही, मोठ्यांना अमृत वाटलं. सर म्हणाले, हा उजेड म्हणजे शरीराची भाषा. शरीर शुद्ध असेल तर भाषा शुद्ध. बाई महिन्याच्या अडचणीत असली की तिच्या उजेडात दोष येतो आणि कोवळी रोपं, कळ्या, मोड तो दोष वाचतात आणि कोमेजतात. आपल्या पूर्वजांना यंत्राशिवाय हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी बायकांना बाहेर बसवलं. टाळ्या पडल्या. दादा उभे राहिले आणि विचारलं, "सर, आमच्याकडं प्लॉटवर पंधरा-वीस बाया. कुणाची अडचण हाय, कुणाची न्हाई, हे आम्ही विचारावं कसं?" मांडव हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, विचारू नका, फुलांवर रोज सकाळी गोमूत्राचं पाणी शिंपडा, दोष उतरतो. दादांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव मी बघितला. कुणाला लाजवायला नको, कुणाला घरी पाठवायला नको, काम थांबायला नको. आमच्या दादांची मर्यादा अशी की परक्या बाईला तिच्या अडचणीबद्दल विचारण्यापेक्षा त्यांनी विहिरीत उडी टाकली असती.

मी पुढे वनस्पतिशास्त्र शिकले आणि जालन्याच्या कॉलेजात तेच शिकवून निवृत्त झाले, म्हणून सांगायचा अधिकार घेते. उजेड खरा आहे. पेशीत प्राणवायूची जी उलाढाल चालते तिच्यात काही रेणू तापतात आणि निवताना प्रकाशाचा एखादा कण सोडून देतात. घुप्प अंधाऱ्या पेटीत फार नाजूक यंत्राने तो मोजता येतो. मोड आलेल्या बियांतून तो निघतो, जखम झालेल्या पानातून निघतो, आत्ता हे लिहिणाऱ्या माझ्या हातातूनही निघतो आहे. खरा प्रश्न त्यापुढचा. हा उजेड चुलीतून उडणाऱ्या ठिणगीसारखा नुसता वाया जातो, की एक पेशी त्यातून दुसरीला काही कळवते? कांद्याचा तो प्रयोग झाला होता, पण पुढे पुष्कळांनी करून पाहिला आणि पुष्कळांना तो जमला नाही. आजही काही जण म्हणतात कळवते, काही म्हणतात पुरावा दाखवा. प्रामाणिक उत्तर एवढंच आहे की अजून नक्की माहीत नाही. मला हे उत्तर फार आवडतं. पण ह्याच 'माहीत नाही'च्या खड्ड्यात त्या माणसाने माझी बहीण गाडली. ज्या उजेडातून काही कळतं की नाही हेच ठरलेलं नाही, त्यातून बाईचा विटाळ तेवढा बरोबर कळतो, हे ह्यांना कुणी सांगितलं? आणि बाप्याच्या अंगातून काय निघतं, चांदणं? मोबाईलवर अजून तेच फिरत असतं. आता त्याला 'बायोफोटॉन' म्हणतात आणि खाली हात जोडल्याचं चित्र असतं. माझ्याच विद्यार्थिनी पाठवतात. मी उत्तर लिहायला घेते, अर्ध्यावर पुसून टाकते, फोन ठेवून देते आणि घोटभर पाणी पिते.

तर दुसऱ्याच दिवसापासून दादा सकाळी बांधावर उभे राहू लागले. बायका नराची फुलं तोडून टोपलीत आणत. दादा पितळी तांब्यातलं गोमूत्राचं पाणी आंब्याच्या डहाळीने टोपलीवर शिंपडत, हात जोडत आणि मग म्हणत, "घ्या, लागा कामाला." बायका आपसांत हसत. अक्का नाक मुरडायची, पण बापाच्या हाताला हात लावायची रीत नव्हती. आठवडा गेला असेल, दोरे बांधलेल्या पात्या, म्हणजे अजून बोंड न धरलेल्या कळ्या, गळू लागल्या. आधी एकेक, मग सरींत सडा. वाऱ्याची झुळूक आली तरी पांढऱ्या दोऱ्यासकट टपटप पडत. तो आवाज मला आठवतो. पात्यांचा कसला आवाज, असं कुणी म्हणेल. पण ज्याचं वर्ष त्यात असतं त्याला ऐकू येतो. दादांनी खत बघितलं, कीड बघितली, फवारा मारला. गोमूत्र दुप्पट केलं. गळ वाढली.

मग त्यांनी सरांना जेवायला बोलावलं. पुरणपोळी झाली, आमरस नव्हता म्हणून बाईने गुळवणी केली, तांब्या-भांडं घासून लखलखीत केलं. जेवून सर प्लॉटवर फिरले, गळलेली एक पाती बोटांत धरून उजेडात बघितली आणि म्हणाले, "दोष फार जवळचा आहे. बाहेरच्या बाईचा नाही, घरातला. म्हणून शिंपडून उतरत नाही." मी शेजारी पाण्याची बाटली घेऊन उभी होते. मी विचारलं, "सर, हे तुम्हाला कसं कळलं? तो उजेड यंत्राशिवाय दिसत न्हाई म्हणल्ते तुम्ही."

"यंत्र आहे का तुझ्याकडे?" सर हसून म्हणाले.

"न्हाई. तुमच्याकडं हाय का?"

दादांनी माझा दंड असा धरला की वळ उठला. सरांनी मधाळ आवाजात, मुलगी चौकस आहे, असं काहीतरी म्हटलं. पण यंत्र आहे की नाही ते सांगितलं नाही. आयुष्यात मी पुष्कळ प्रश्न विचारले, मुलाखतींत, परिषदांत, खात्याच्या बैठकीत. त्यातला हा सगळ्यात सरळ प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला माझ्या दंडावर मिळालं.

घरी येऊन दादांनी बाईला विचारलं आणि बाई रडायला लागली. अक्का त्या महिन्यात बाहेर बसली नव्हती. कळ्या थांबत नाहीत, बायका कमी होत्या, म्हणून बाईला सांगून ती अडचणीतही प्लॉटवर गेली होती. आई-मुलीतली एवढीशी गोष्ट. दादा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुंटीकडे बघत म्हणाले, "सिंधू, उद्यापासून तू प्लॉटवर पाय ठेवू नको." अक्का म्हणाली, "दादा, माझ्यानं न्हाई झालं. मी रोज त्याच हातानं करून राह्यले." ते म्हणाले, "तेच ना." आणि उठून गेले. दोन दिवसांत गावभर झालं. सिंधूने बापाचा प्लॉट बसवला, बुडवला. ज्या बायका तिच्या मागे मागे फिरायच्या त्या तिला बघून पदर सावरून कडेने जाऊ लागल्या. डी.एड.चं नाव कुणी काढेना. उलट बाईच्या माहेरचा माणूस वडीगोद्रीचं स्थळ घेऊन आला तेव्हा दादा पहिल्यांदाच म्हणाले, "बघू."

अक्काच्या जागी टोपली वाहायला मी लागले. शाळा सुटली होती त्या महिन्यात, म्हणजे मीच सोडली होती, विचारलं कुणी नाही. पहिल्याच सकाळी दादांनी पाणी शिंपडलं, मी टोपलीतलं एक फूल उचललं, आणि बोटाला लागला चिखल. पिवळा, चिकट, लाळेसारखा. झाडावरचं कोरडं फूल तोडून बघितलं तर बोटाला हळदीसारखी भुकटी. मला कुणी शिकवलं नव्हतं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की परागकणाला पाणी लागलं की तो फुगून फुटतो, संपतो. कपाशीचा तर लगेच. पण त्या सकाळी एवढंच कळलं की हळद आणि चिखल एक नव्हे. मी बाईच्या शिवणाच्या डब्यातून हिरवा दोरा घेतला. शेवटची एक ओळ माझ्याकडे मागून घेतली. रोज टोपली भरायच्या आधी परकराच्या ओच्यात कोरडी फुलं बाजूला ठेवायची आणि त्या ओळीला तीच चोळायची. हिरवा दोरा बांधायचा. बाकी प्लॉटला शिंपडलेली फुलं, पांढरा दोरा. आणि हो, त्या ओळीच्या दुपारच्या कळ्या सोलायला मी अक्काला मागच्या बांधाने आणलं. तिची पुन्हा अडचण चालू होती. मुद्दाम आणलं. ती येत नव्हती, हात मागे लपवत होती. आपल्याच नखांकडे ती अशी बघत होती की मला रडू आलं. मी म्हणाले, "अक्का, तू सोल. तुझ्या हातानं धरलं तर धरलं, न्हाईतर मी आयुष्यात पुन्हा पुस्तक उघडणार न्हाई." तिने सोललं.

हिरवे दोरे टिकले. त्यांच्या खाली हरभऱ्याएवढी, मग बोराएवढी बोंडं आली. शेजारच्या ओळीत पांढरे दोरे मातीत लोळत होते. मी दादांना हाताला धरून तिथे नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं: चिखल, हळद, ओचा, अक्काची नखं, सगळं. दादा उकिडवे बसले. एकेक बोंड त्यांनी बोटांनी चाचपलं. जन्मभर शेती केलेला माणूस; त्याला दोनदा सांगावं लागत नव्हतं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं, आता हे उठतील, घरी जातील आणि अक्काला जवळ घेतील. मी तर पुढचंही बघून ठेवलं होतं, तिची ट्रंक, जालन्याची गाडी. ते उठले आणि तांब्यातलं पाणी बांधावर ओतून दिलं. म्हणाले, "उद्यापासून न्हाई शिंपडत. पण हे कुठं बोलू नको."

"आन अक्का?"

"मंदे, बापाच्याच हातानं प्लॉट बसला म्हणून गाव थुंकंल माझ्यावर. मला ह्याच गावात राह्यचंय." मग माझ्याकडे न बघता, "ती तर जाणारच हाय."

हे वाक्य मी कितीतरी वर्षं कुणासमोर उच्चारू शकले नाही. आज लिहिताना पेन कागदात रुतलं. ती तर जाणारच हाय. म्हणजे तिच्यावर काहीही ठेवता येतं, ती घेऊन जाईल. घरातली जुनी गादी जाताना तिच्यासोबत जशी बांधून देतात, तसा त्यांनी आपला डाग तिला बांधून दिला.

मी मात्र गप्प बसले नाही. तशीच पळत घरी गेले आणि बाईला आणि अक्काला सांगितलं. संध्याकाळी अक्काने ताट वाढलं. भाकरी, येसर, कांदा. दादा बसले. ती समोर उभी राहून म्हणाली, "दादा, मंदी म्हणून राह्यली ते बराबर हाय का? पाण्यानं गेल्त्या का पात्या?" बाईचा तवा चुलीवर तसाच राहिला, भाकरी करपायला लागली तरी तिने उलटली नाही. दादा म्हणाले, "तू पोरीचं काय ऐकतीस." बस्स. मी ओरडले, "खोटं हाय! बिलकुल खोटं! दादा खोटं बोलून राह्यले!" बाईने उठून माझ्या थोबाडीत मारली. बाईने मला मारलेली ती एकच. मारून तीच रडली. दादा जेवले, हात धुतले आणि ओट्यावर जाऊन बसले.

पुढचं गावाने स्वतःच जोडून घेतलं. अक्का प्लॉटवरून निघाली आणि पात्या गळायच्या थांबल्या. सिंधूचा पाय निघाला आणि बोंडं धरली. ह्याहून मोठा पुरावा काय हवा? सर पुढच्या गणपतीत पुन्हा आले तेव्हा त्यांनी नाव न घेता हे उदाहरण सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. मी मांडवात उभी राहिले, तर मंडळाच्या पोरांनी बसवलं. पुढे कॉलेजात मी मुलांना घसा कोरडा करून सांगत आले की दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं नसतं. मुलांना वाटे, मॅडम पुस्तकातलं सांगतात.

हंगाम चांगला निघाला. घरावर पत्रे आले. मला सायकल आली. मी तिला कित्येक महिने हात लावला नाही आणि मग लावला, कारण शाळा लांब होती. तुळशीचं लग्न झाल्यावर अक्काचं लग्न झालं. वडीगोद्रीला मोठ्या रस्त्यावर त्या माणसाचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. माणूस बरा निघाला, हे अक्काचं नशीब, दादांचं कर्तृत्व नाही. मी शिकले तो खर्च दादांनी केला, कुरकुर न करता, अगदी शेवटच्या परीक्षेपर्यंत. लोक म्हणत, काय बाप आहे! मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले. मी पेढा खाल्ला नाही. ते काय ते समजले. पुढे आजारपणात मी त्यांची सेवा केली, पाय चेपले, आणि रोज वाट बघितली. दर वेळी अक्का भेटायला आली की मी मुद्दाम खोलीबाहेर जायचे, की आता बोलतील, एकटे असताना बोलतील. ते तिला दुकानाचं विचारायचे, पोरांचं विचारायचे. तसेच गेले. बापाला अग्नी दिला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मनात राग होता. दोन्ही एकदम असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मी वडीगोद्रीला अक्काकडे राहायला गेले. दुकान आता मुलगा बघतो. घरामागे तिने रोपवाटिका केली आहे, वर हिरवी जाळी, खाली मिरची आणि टमाट्याची रोपं. आसपासचे शेतकरी येऊन रोपं घेऊन जातात. सकाळी आम्ही दोघी चहा घेत बसलो होतो. तिची सून दारात येऊन घुटमळली आणि खालच्या आवाजात सासूला म्हणाली, "आत्याबाई, आज पाणी तुम्हीच घालता का? मी आत न्हाई जात." मला कळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्का कपातला चहा ढवळत म्हणाली, "रोपांना काय करायचंय तुझ्या अडचणीचं? जा, घाल पाणी. आन तो कडेचा वाफा सुकून राह्यला, त्याला आधी घाल." सून गेली. इतकी वर्षं मी समजत होते की हिने दादांचं खरं मानलं. मी कितीदा तो विषय काढला, कितीदा परागकणाची चित्रं काढून दाखवली, आणि दर वेळी ती "जाऊ दे गं" म्हणून उठून जायची.

"तू कधीपासून मानीना झालीस?" मी विचारलं.

"मानलंच कधी?" ती म्हणाली. "लग्न होऊन आले तव्हापासून एक महिनाबी बाहेर बसले न्हाई मी. सासूला कळूच देलं न्हाई. लोणच्यात हात घातला, देवाला दिवा लावला, पापड लाटले, मिरचीचे वाफे केले. सगळं त्याच दिवसांत, ध्यान ठेवून. दर खेपेला दुसऱ्या दिवशी जाऊन बघायचे. काही सुकलं न्हाई."

"म्हणजे दादा खोटं बोलून राह्यले, हे तुला..."

"त्याच दिवशी कळलं. बापाचा आवाज वळखू येत न्हाई का?"

राग कुणावर काढावा ते मला कळेना. मी जवळजवळ ओरडलेच, "मंग बोलली कामून न्हाईस? माझ्या बाजूनं एक शब्द तरी?"

"कोणाला बोलू?" अक्का म्हणाली. "ज्याला माहीत होतं, त्यालाच?"

आतून सुनेने झारी भरल्याचा आवाज आला. अक्काने कप उचलले, मोरीपर्यंत गेली आणि पाठमोरीच थांबली.

"एकदा म्हणायला पायजे होतं त्यांनी," ती म्हणाली. "मला एकटीला. मी कुणाला सांगितलं नसतं."